पात्रांना जहागीर देण्याआधी: गेम मास्टरची तयारी

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेममध्ये गोष्ट चालवणारा गेम मास्टर तुम्ही असाल, आणि कॅम्पेनमधल्या, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या गोष्टीतल्या, पात्रांना राजाकडून पडका किल्ला आणि भोवतालचा मुलूख मिळणार असेल, तर त्या सेशनच्या (बैठकीच्या) आठवडाभर आधी तयारीला बसा. सगळ्यात आधी वेळ ठरवा. एका हंगामाचा, म्हणजे खेळातल्या तीन महिन्यांचा कारभार टेबलावर वीस मिनिटांत उरकला पाहिजे. या प्रकारातला गाजलेला खेळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’, त्याच्या १९७४च्या पहिल्या आवृत्तीत किल्ला बांधणाऱ्या सरदाराला दर माणशी वर्षाला १० सोन्याची नाणी कर मिळे. नियम एका ओळीचा, पण तो चालवायला रयतेची खानेसुमारी ठेवावी लागते आणि दर युद्धानंतर, दर साथीनंतर ती बदलावी लागते. त्या वाटेला जाऊ नका.

नकाशा सहा मैल रुंद हेक्सचा, म्हणजे षटकोनी घरांचा घ्या. मधला एक आणि त्याला चिकटलेले सहा पुरेत. एका हेक्सचं क्षेत्रफळ साधारण ३१ चौरस मैल भरतं. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीत पायी ताशी ३ मैल जाता येतं, त्यामुळे किल्ल्यावरून कुठलीही हद्द सुमारे तीन तासांवर राहते. मुलूख याहून मोठा ठेवला की प्रत्येक तक्रारीपायी अर्धं सेशन प्रवासात जातं. मध्ये किल्ला, तीन हेक्सांत गावं, एकात जंगल किंवा खाण, उरलेले दोन अजून कोणी न धुंडाळलेले. गावांना नावं आजच द्या. बिननावाचं गाव वाचवायला कोणी धावत नाही.

आकडे तीनच ठेवा: खजिना, रयतेची निष्ठा आणि सैन्याच्या तुकड्या. धान्य, लाकूड, दगड, लोखंड असे वेगळे साठे मोजायचा मोह होईल, पण त्यांना नकाशावरच राहू द्या. जंगल ताब्यात असेल तर बांधकाम एका पेटीने स्वस्त, खाण असेल तर नवी तुकडी फुकट उभी राहते. खजिना मोजायचा पेट्यांत, एक पेटी म्हणजे १,००० नाणी. (बोलीत पेटी म्हणजे लाख, तेव्हा मुंबईकर खेळाडू त्यावर विनोद करणारच.) वेगळं एकक मुद्दाम घेतलं आहे. पात्रांच्या थैलीतून हंगामाला एकच पेटी खजिन्यात टाकता येते, नाहीतर एका ड्रॅगनच्या गुहेतल्या सोन्यापुढे दहा वर्षांचा कर फिका पडतो. उलट दिशेने, खजिन्यातली पेटी थैलीत घातली की निष्ठा एकने उतरते.

सुरुवातीला ३ पेट्या, निष्ठा ३, तुकडी १. दर गावाचा कर हंगामाला १ पेटी, किल्ल्याचा खर्च १, प्रत्येक तुकडीचा १. म्हणजे ३ येतात, २ जातात, १ शिल्लक. दुसरी तुकडी उभारली की शिल्लक शून्य, तिसरीनंतर तूट. जादा कर लावला तर २ पेट्या वाढतात आणि निष्ठा १ उतरते. सूट दिली तर १ पेटी कमी, निष्ठा १ वर. नवा बुरूज ४ पेट्यांचा, आणि तीनाच्या पुढे गाव घ्यायचं तर तो बांधल्याशिवाय चालत नाही. नुसत्या शिलकीवर त्याला चार हंगाम लागतात. मोहिमेतून हंगामाला एक पेटी आणली तर दोन. हिशेब असा जुळवला की खेळाडू आपणहून गुहेत उतरतात.

हंगामाच्या शेवटी दोन सहाबाजू फासे टाकायचे. ६ पर्यंत वाईट घटना, ७ ते ९ संमिश्र, १० पासून पुढे चांगली. निष्ठा १-२ असेल तर एक वजा, ५-६ असेल तर एक अधिक. वाईट घटनेची शक्यता एरवी सुमारे ४२ टक्के, खालावलेल्या निष्ठेत ५८, चढत्या निष्ठेत २८. वीसबाजू फाशावर हाच एक गुण पाच टक्क्यांपलीकडे काही हलवत नाही आणि निष्ठा नुसती शोभेला उरते.

घसरगुंडी इथेच लागते. निष्ठा कमी म्हणून संकट, संकटाने खजिना रिकामा, म्हणून जादा कर, म्हणून निष्ठा आणखी कमी. ती टाळायला वाईट घटनेने खजिना किंवा तुकडी यांपैकी एकालाच चाट लावायची, निष्ठेला थेट हात लावायचा नाही. निष्ठा उतरते ती संकटाकडे हंगामभर कोणी फिरकलं नाही तरच.

घटना आधी लिहून ठेवा: वाईट सहा, संमिश्र सहा, चांगल्या तीनच. प्रत्येकीत गाव, माणूस आणि मुदत हवी. ‘दुष्काळ’ ही घटना नव्हे. ‘नदीकाठच्या गावाने वरच्या गावाचा पाट रात्रीतून फोडला, पाटलीणबाई आठ दिवसांत न्याय मागतात’ ही घटना.

आता माणसं. कारभार सगळ्यांच्या हाती सामाईक दिला की हिशेबाची आवड असलेला एकटाच तो चालवतो आणि बाकीचे मोबाइल काढतात. शिवकाळात किल्ल्यावर हवालदार, सरनोबत, सबनीस असे वेगळे अधिकारी असत, कारण सत्ता एका हाती एकवटू द्यायची नव्हती. तीच पदं उचला: हवालदाराकडे किल्ला आणि बांधकाम, सरनोबताकडे तुकड्या, सबनिसाकडे कर आणि खजिना. चौथा खेळाडू शेजाऱ्यांशी बोलणारा वकील, पाचवा हेर. हंगामाला प्रत्येकाचं एकच काम. सल्ला कोणीही द्यावा, निर्णय त्या पदाचा.

मंत्रांची यादी कॅरेक्टर शीटवरून (पात्राची माहिती लिहिलेल्या कागदावरून) आधीच तपासा, कारण नियम बहुधा तिथेच फुटतात. पाचव्या आवृत्तीतला ‘प्लँट ग्रोथ’ आठ तास म्हटला की अर्ध्या मैलाच्या त्रिज्येतलं पीक वर्षभर दुप्पट येतं. मोठं वाटतं, पण ती जमीन हेक्सचा जेमतेम चाळिसावा भाग. म्हणून सरसकट नियम: जहागिरीसाठी वापरलेला मंत्र हे त्या पात्राचं हंगामाचं काम, आणि त्यातून फार तर एक पेटी किंवा एक निष्ठा.

सेशनच्या दोन दिवस आधी एकट्याने चार हंगाम खेळून पाहा, तेही दोनदा. दोन्ही वेळा वर्षाअखेर आठपेक्षा जास्त पेट्या साठल्या तर खर्च कमी पडतो आहे, एक तुकडी वाढवून सुरुवात करा. दोन्ही वेळा निष्ठा १ वर आली तर वाईट घटनांपैकी दोन संमिश्र यादीत टाका.

टेबलावर नेण्यासाठी: हेक्सचा छापील कागद, पेट्यांसाठी वीसेक चिंचोके, तुकड्यांसाठी शर्टाची बटणं, आणि निष्ठेसाठी आकडा वर ठेवलेला एक सहाबाजू फासा, शक्यतो वेगळ्या रंगाचा, म्हणजे कोणी चुकून उचलून टाकणार नाही.