शेतावर योग शिबिर घेताय? या चुका टाळा

कुर्ग-चिकमगळूरच्या सेंद्रिय कॉफीमळ्यांतली योग शिबिरं पाहून आलेले बरेच योगशिक्षक आता जालना, बीड, संभाजीनगरकडच्या सेंद्रिय बागांत तसंच शिबिर घ्यायला निघतात. कल्पना चांगलीच आहे. पण तिकडचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलून आणतात आणि पहिल्याच दिवशी घोळ होतो. कॉफी हे सावलीतलं पीक. वर सिल्व्हर ओकसारखी उंच झाडं, त्यांवर चढलेले मिरीचे वेल, खाली कॉफीची झुडपं. त्या सावलीत सकाळी दहालाही आसनं घेता येतात. आपल्याकडे मोसंबी सहा-सहा मीटरवर लावलेली, झाडाचा घेर जवळपास जमिनीला टेकलेला आणि मधल्या पट्ट्यात लख्ख ऊन. इथे आसनांचं सत्र साडेआठच्या आत संपवायचं. शिबिराचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य, त्यापुढे नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना ‘समर रिट्रीट’ जाहीर करणाऱ्यांनी आधी दुपारी दोनला त्या शेतात अर्धा तास उभं राहून पाहावं.

बाग ताणावर असताना पाणी सोडणं

ही चूक सगळ्यांत महागात पडते आणि ती शिक्षकाच्या ध्यानीमनीही नसते. आंबिया बहर, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणारी फुलं, धरायचा असेल तर मोसंबीच्या बागेचं पाणी हिवाळ्यात तोडतात. यालाच ताण देणं म्हणतात. भारी काळ्या जमिनीत ताण बसायला दीड-दोन महिने लागतात. पानं फिकी पडतात, थोडी गळतात. जानेवारीत ताण तोडून, खत घालून हळूहळू पाणी वाढवलं की फुलं निघतात. वर्षाचं उत्पन्न या कोरड्या दिवसांवर उभं असतं, आणि नेमका तोच शिबिराचा हंगाम.

जालना जिल्ह्यातल्या एका बागेत डिसेंबरअखेर चार दिवसांचं शिबिर होतं. माणसं वीस. तात्पुरत्या न्हाणीघरांचं पाणी उताराच्या बाजूने जवळच्या दोन ओळींत गेलं. माणशी साठ लिटर धरले तरी दिवसाला बाराशे लिटर, चार दिवसांत पाच हजारांच्या घरात. त्यात शिक्षिकेला पिवळी पानं पाहून झाडांची कीव आली आणि तिने ‘सेवा’ म्हणून सगळ्यांना एकेका झाडाला बादलीभर पाणी घालायला लावलं. मालक दोन दिवस बाजार समितीत अडकलेला. पंधरवड्यात त्या झाडांवर फुलांऐवजी नवती फुटली. नुसती हिरवीगार पालवी, कळी नावाला. बाकीची बाग पुढे फुलली, या ओळी रिकाम्या राहिल्या. शेतकऱ्याने पुन्हा कुणाला बाग दिली नाही, आणि त्याचं काही चुकलं असं वाटत नाही.

म्हणून तारीख ठरवायच्या आधी मालकाला तीन गोष्टी विचारा: कुठला बहर धरला आहे, ताण चालू आहे का, पाणी कधी सोडणार. सांडपाण्याची वाट आधी खणून घ्या. काळ्या मातीत शोषखड्डा लवकर तुंबतो. पाणी गोठ्याकडच्या केळी, कर्दळ किंवा हत्ती गवताच्या वाफ्यात काढलेलं बरं. साबण-शाम्पूचं पाणी बागेत नको, हे तर वेगळं सांगायला नको. फळबागेला सेंद्रिय प्रमाणपत्र मिळायला तीन वर्षांचा रूपांतर काळ काढावा लागतो. पाहुण्यांनी झाडाखाली मारलेला डासांचा स्प्रे त्या मेहनतीवर पडतो.

पाण्यासोबत विजेचंही विचारा. शेतीची थ्री फेज लाईन काही ठिकाणी आठवड्यानुसार कधी दिवसा, कधी रात्री असते. मोटार रात्री चालणार असेल तर टाकी रात्रीच भरून ठेवावी लागते. सकाळी सहाला वीस माणसं नळ उघडून उभी राहिल्यावर हे कळून उपयोग नाही.

हुरडा आणि संध्याकाळचं सत्र

जानेवारीत हुरडा ठेवायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. ज्वारीचं कणीस दुधाळ दाणा सरून किंचित घट्ट होतं तेव्हाचा चार-आठ दिवसांचा तो गोडवा. आगटीतून, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवातून, काढून हातावर चोळलेले गरम दाणे, जवसाची आणि शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. कुणी बेतानं खात नाही, खाऊही नये. चूक ही की संध्याकाळी चारला हुरडा ठेवतात आणि साडेपाचला आसनं. कोवळी ज्वारी पोटात फुगते. दही-गूळ सोबतीला असतो. मग हलासनात माणसं अवघडतात, कुणाला मळमळतं, कुणाला आंबट ढेकर येतात, आणि शिक्षक सांगतात, ‘श्वासाकडे लक्ष द्या.’

भरपेट जेवणानंतर आसनांना चार तास जाऊ द्या. हलक्या खाण्यानंतर दोन. हुरडा साडेदहा-अकराला ठेवा आणि तेच दुपारचं जेवण समजा, वर पुन्हा भाकरी-पिठलं वाढू नका. दुपारी आराम, चारनंतर बांधावरून फेरी, संध्याकाळी वज्रासन, सावकाश श्वसन आणि योगनिद्रा. पोटाला पीळ देणारं काही त्या दिवशी नको.

आगटीची जागाही नीट निवडा. गोवऱ्यांचा धूर थंड हवेत वर न जाता जमिनीलगत पसरतो. सत्राच्या जागेपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला आगटी करा. धूर निवल्याशिवाय भस्त्रिका-कपालभाती घेऊ नका. शेजारच्या फवारणीलाही हेच लागू. तुमचा मालक सेंद्रिय असला तरी बांधापलीकडे हरभऱ्यावर घाटेअळीसाठी औषध मारणं चालू असतं, तेही सकाळीच. आदल्या संध्याकाळी शेजाऱ्याला जाऊन विचारा. माणसं सांगतात. गरज पडली तर सत्राची जागा बदला.

जमीन न बघता चटई टाकणं

फोटोत गवत छान दिसतं. त्या गवतात सराटे असतात, बाभळीचे काटे असतात, आणि पहाटे दव असतं. ओल्या गवतावर चटई सरकते आणि वीरभद्रासनात पाय फाकतो. शेणाने सारवलेलं अंगण किंवा शेडमधला कोबा उत्तम. तेही नसेल तर जागा झाडून, पाणी मारून, धुम्मस करून म्हणजे ठोकून सपाट करून घ्या. त्यावर ताडपत्री, मग सतरंजी, मग चटई. गाजरगवत तर आठ दिवस आधीच, फुलावर येण्यापूर्वी, हातमोजे घालून मुळासकट उपटून घ्यावं. त्याच्या परागकणांनी शिंका, दम, अंगावर खाज सुरू होते. प्राणायामात ज्यांचं नाक सारखं वाहतं त्यांना ‘शुद्धी होतेय’ असं सांगणारे शिक्षक आहेत. ते धोकादायक आहे.

रात्री जमिनीवर झोपवू नका. मण्यार रात्री फिरतो आणि त्याचा दंश झोपेत पुष्कळदा कळतही नाही. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हवीच. संडासाच्या वाटेवर दिवा, प्रत्येकाकडे बॅटरी. प्रतिसर्पविष असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं हे आधी जाऊन विचारून या. 108 ची रुग्णवाहिका शेतरस्त्यापर्यंत येते का तेही बघा. पावसाळ्यात काळ्या मातीत ती येणार नाही, म्हणून हंगाम सोडून पावसाळी शिबिर घ्यायचंच झालं तर ते डांबरी रस्त्याला लागून असलेल्या शेतावरच घ्यावं.

जलनेती विहिरीच्या पाण्याने

जलनेती म्हणजे एका नाकपुडीतून मिठाचं पाणी घालून दुसरीतून काढणं. ती विहिरीच्या पाण्याने कधीच नाही, पाणी कितीही नितळ दिसलं तरी. उकळून कोमट केलेलं पाणीच वापरायचं, अर्ध्या लिटरला सपाट चमचाभर, म्हणजे साडेचार-पाच ग्रॅम मीठ. नाक झोंबलं तर मीठ कमी-जास्त झालं आहे. नंतर नाक कोरडं करणं घाईत उरकलं की दुपारपर्यंत डोकं जड होतं. शंखप्रक्षालन, म्हणजे मिठाचं पाणी पिऊन पोट साफ करण्याची क्रिया, मात्र शेतावर नकोच. दोन संडास आणि वीस माणसं हे गणित जमत नाही.

थोडक्यात आणखी काही. थंडीत, पारा दहाच्या आसपास असताना, थेट सूर्यनमस्कारांना हात घालू नका. सांधे मोकळे करण्यात पंधरा-वीस मिनिटं गेली पाहिजेत. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे पाचला उठवून कुडकुडत बसवण्यात साधना नाही. शीर्षासन चार दिवसांत शिकवण्याची गोष्ट नाही. ते फोटोसाठी शिकवणाऱ्याकडे शिबिर देऊच नये.

शेतकाम ठेवायचं तर आसनं आणि नाश्ता झाल्यावर, साडेनऊ ते अकरा. मोसंबीची सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढणं पाहुण्यांना देऊ नका, चुकीची फांदी कापली जाते. फळतोडणी द्या, पण ओढून नाही, देठासकट कात्रीने. खुरपणी द्या. तासभर वाकून खुरपल्यावर संध्याकाळी पश्चिमोत्तानासन घेतलं तर कंबर धरते. त्या दिवशी मकरासन, भुजंगासन, पाय भिंतीला लावून पडणं एवढंच.

मौनाची वेळ मजूर बाया यायच्या आत संपवा. त्या नऊ-साडेनऊला बोलत, हसत येतात, आणि ते त्यांचं कामाचं ठिकाण आहे. त्यांना ‘जरा हळू’ म्हणायला स्वयंसेवक पाठवू नका. पाहुणे आल्याच्या दिवशी मुकादमबाईंशी ओळख करून द्या. कोणत्या ओळीत आज काम आहे ते विचारून घ्या आणि चालण्याची फेरी दुसऱ्या बाजूने काढा.