प्रोसेको: लेबल वाचण्यापासून ताटापर्यंत

प्रोसेको ही इटलीची बुडबुड्यांची वाइन. ती म्हणजे स्वस्तातली शॅम्पेन, असा समज अजून बराच आहे. त्या समजापायी लोक बाटली आणतात, एखाद्या मोठ्या दिवसासाठी वर्षानुवर्षं कपाटात जपतात आणि उघडल्यावर हिरमुसतात. ही वाइन जपायची नसतेच. ताजेपणा हाच तिचा जीव आहे, आणि तो येतो ती बनते त्या पद्धतीतून.

शॅम्पेनचं दुसरं आंबवणं, म्हणजे ज्यातून बुडबुडे येतात ते, बाटलीतच होतं आणि नंतरही ती महिनोन्महिने यीस्टच्या गाळासोबत पडून राहते. तिला भाजलेल्या पावाचा वास येतो तो त्यामुळे. प्रोसेकोचं दुसरं आंबवणं बहुतेक वेळा स्टीलच्या मोठ्या बंद टाकीत, दाबाखाली होतं. ही पद्धत फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी १८९५ मध्ये पेटंट केली आणि पुढे १९०७ मध्ये युजेन शार्मा यांनी सुधारली. टाकीत काम लवकर उरकतं. म्हणून ग्लेरा या द्राक्षातला हिरव्या सफरचंदाचा, नासपतीचा, पांढऱ्या फुलांचा वास तसाच राहतो. तो वर्ष-दोन वर्षांत विरतो. लेबलवर साल असेल तर सगळ्यात अलीकडचं घ्या, आणि दुकानात ऊन येणाऱ्या काचेमागे उभी असलेली बाटली घेऊ नका.

लेबल वाचा, पण नावावर जाऊ नका

सगळ्यात मोठी फसगत गोडीची होते. लिटरमागे १२ ग्रॅमपर्यंत साखर असेल तर 'ब्रूट', १२ ते १७ असेल तर 'एक्स्ट्रा ड्राय' आणि १७ ते ३२ असेल तर 'ड्राय'. एरवी वाइनच्या भाषेत ड्राय म्हणजे गोड नसलेली, पण या तिघींत 'ड्राय' सगळ्यात गोड! मी सुरुवातीला तळलेल्या माशांसोबत नेमकी हीच उघडली होती. पहिल्याच घासाला मासा एकीकडे आणि गोडी दुसरीकडे. जेवणासोबत घ्यायची असेल तर ब्रूट शोधा.

मग गाव पाहा. प्रोसेको हे त्रिएस्तेजवळच्या एका खेड्याचं नाव. पूर्वी द्राक्षालाही तेच म्हणत. २००९ मध्ये नियम बदलले, प्रोसेको हे प्रदेशाचं नाव ठरलं आणि द्राक्ष ग्लेरा झालं. नुसतं 'डीओसी' (वाइन ठरावीक प्रदेशातलीच आहे याची हमी देणारं इटलीचं मानांकन) लिहिलेली वाइन ईशान्य इटलीतल्या नऊ प्रांतांतून कुठूनही आलेली असू शकते. 'डीओसीजी' या त्याहून कडक मानांकनासोबत कोनेल्यानो वाल्दोब्ब्यादेने हे नाव दिसलं, तर ती तिथल्या डोंगरउतारांवरची. हे उतार इतके उभे आहेत की बऱ्याच ठिकाणी यंत्र चढत नाही, द्राक्षं हातानेच खुडावी लागतात. २०१९ मध्ये युनेस्कोने या टेकड्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. थोडे जास्त पैसे मोजायची तयारी असेल तर इथे मोजा.

गार करा, मग उघडा

फ्रिजमध्ये तीन-चार तास ठेवा. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून अर्धा तास. ६ ते ८ अंश पुरे. कोमट बाटली उघडताना फेस उसळून निम्मी वाइन टेबलावर जाते.

वरचा कागद काढा. अंगठा बुचावर दाबून ठेवा आणि तार सहा अर्धे वेढे उलटी फिरवून सैल करा, काढू नका. बाटली तिरकी धरा, तोंड माणसांपासून दूर. आता बूच घट्ट पकडून बाटली फिरवा, बूच नाही. बूच आपणहून वर यायला लागतं, तेव्हा त्याला मागे रेटत राहा. हळूच 'फुस्स' झालं की जमलं. अरुंद उभ्या ग्लासपेक्षा पोटाशी थोडा फुगीर ग्लास घ्या, वास कोंडत नाही.

कशासोबत?

व्हेनिसच्या छोट्या बारमध्ये 'चिकेत्ती' म्हणजे घासभर खाणं मिळतं. त्यातलं वाळवलेला कॉड मासा तेलात घोटून केलेलं मऊ सारण मला या वाइनसोबत सगळ्यात आवडतं. फ्रिउलीतलं सान दानिएलेचं खारवलेलं मांसही तसंच. खारट, तेलकट पदार्थानंतर तिचा आंबटपणा आणि बुडबुडे जीभ धुऊन काढतात.

हेच सूत्र आपल्या ताटाला लावा. कोथिंबीर वडी, कांदाभजी, रवा लावून तळलेली सुरमई, खारे काजू. तांबड्या रश्श्यासारख्या झणझणीत जेवणाशी मात्र गाठ घालू नका, बुडबुड्यांनी तिखट आणखी झोंबतं. जरासं तिखट असेल तर एक्स्ट्रा ड्राय बरी. पुरणपोळी-श्रीखंडापुढे ब्रूट आंबट लागते.

बाटली उरली तर गळ्यात चमचा अडकवून काही होत नाही. दाबाचं झाकण लावा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. पांढऱ्या पीचचा गर मिळाला तर एक भाग गर, दोन भाग प्रोसेको. व्हेनिसच्या हॅरीज बारमध्ये ज्युझेप्पे चिप्रियानींनी बनवलेलं बेलिनी हे कॉकटेल ते हेच. गर आधी गार करून घ्या आणि वाइन कडेने हळू सोडा.