मृगाआधीची तयारी: ट्रॅक्टर-अवजारांसाठी कोणत्या मापाचे पाने घ्यावेत

रोहिणी निघाल्या की गॅरेजपुढे ट्रॅक्टरांची रांग लागते. पेरणीत वापसा मोजके दिवसच मिळतो; त्यात पेरणी यंत्राचा एक नट गोल झाला तरी सकाळ वाया जाते. तेव्हा मे महिन्यातच आपल्या ट्रॅक्टरचे आणि अवजारांचे नट तपासा आणि लागतील तेवढेच पाने घ्या, पण चांगले घ्या. पन्नास नगांच्या स्वस्त पेटीपेक्षा नेमके सात-आठ पाने शेतावर जास्त कामाला येतात.

घोटाळा होतो तो मापात. पान्यावरचा आकडा म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर, बोल्टची जाडी नव्हे. ६ मिमी बोल्टला १० चा पाना लागतो, ८ ला १३, १० ला १७, १२ ला १९, १४ ला २२ आणि १६ ला २४. नव्या यंत्रांत मात्र १० च्या बोल्टला १६ चे आणि १२ च्या बोल्टला १८ चे डोके आढळते. जपानी बनावटीच्या यंत्रांत ८ ला १२ आणि १० ला १४ असेही असते. म्हणून दुकानात जाताना जुना बोल्ट सोबत न्या आणि पाना त्यावर बसवूनच घ्या.

जुन्या ट्रॅक्टरांवर, विशेषतः जुन्या मॅसी फर्ग्युसनवर, इंची नट भेटतात. सहा सूत, म्हणजे पाऊण इंच, म्हणजे १९.०५ मिमी, तिथे १९ चा पाना बहुधा चालून जातो. पाच सुताला १६ चा चालतो. फसगत होते ती अर्ध्या इंचाला. तो नट १२.७ मिमीचा, १३ चा पाना हाताला बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की निसटून नटाचे कोपरे खातो. साडेचार सुताला (१४.२९ मिमी) तर १४ चा जातच नाही आणि १५ चा खेळतो. या दोन मापांसाठी इंची पानाच घ्या, दुसरा इलाज नाही.

गेल्या हंगामापासून गंजलेल्या फाळाच्या बोल्टवर आधी तारेचा ब्रश मारा. माती राहिली तर पाना पूर्ण खाली बसत नाही. मग डिझेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. सोडवायला रिंग पाना किंवा सहा कोनी गोटी (सॉकेट) वापरा. फिक्स (उघड्या तोंडाचा) पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो, त्यामुळे त्याचा उपयोग ढिला झालेला नट भराभर काढण्यापुरता. बारा कोनी गोटी अडचणीच्या जागी पटकन बसते, पण गंजलेल्या नटाला तीच गोल करते. ॲडजस्टेबल पाना अशा कामाला लावूच नका. पाना शक्यतो स्वतःकडे ओढा, ढकलू नका. निसटला तर बोटे लोखंडावर आपटतात.

आवळताना पान्याला पाइप घालून जोर करू नका. ८ मिमीच्या साध्या मजबूत बोल्टला (डोक्यावर ८.८ लिहिलेला) सुमारे २५ न्यूटन-मीटर पीळ पुरतो. फूटभर लांब पान्यावर २० किलोचा जोर दिला तर तो ६० च्या आसपास जातो, मग आटे तरी जातात किंवा बोल्ट तुटतो.

रोटाव्हेटरची पाती तपासताना इंजिन बंद करा, चावी काढा, पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरवरून यंत्र फिरवणारा दांडा) सोडवा आणि यंत्राखाली लाकडी ठोकळे लावा. नुसत्या हायड्रॉलिकवर उचललेल्या यंत्राखाली हात घालू नका. पात्यांचे बोल्ट बदलायचे तर त्याच दर्जाचे घ्या. हार्डवेअर दुकानातला साधा मऊ बोल्ट दगड लागला की कापला जातो.

बॅटरीच्या टर्मिनलला बहुधा १० किंवा १३ लागतो. सोडवताना ऋण तार आधी काढा आणि जोडताना शेवटी लावा, नाहीतर पाना बॉडीला टेकून ठिणगी पडते.

चाकांचे नट फुलीच्या क्रमाने आवळा, म्हणजे एकानंतर समोरचा. मागच्या चाकाला अर्धा इंची रॅचेट वापरू नका, ते मोडते. तिथे लांब दांडा आणि पाऊण इंची ड्राइव्हची (दांडा बसतो त्या चौकोनी भोकाचे माप) गोटी हवी. चाक काढून बसवले असेल तर पहिले तासभर काम झाल्यावर ट्रॅक्टर थांबवून सगळे नट पुन्हा तपासा.