मराठी सायन्स फिक्शन वेबकॉमिक कसं करायचं: आधी अक्षर, मग चित्र

"आधी पाच वर्षं ॲनाटॉमी शिक." "स्क्रीनवाला टॅबलेट घेतल्याशिवाय सुरू करू नको." "इंग्रजीत कर, मराठीत कोण वाचतं?" वेबकॉमिक करायचं म्हटलं की नागपुरात हे तीन सल्ले हमखास मिळतात. तिन्ही बाजूला ठेवा. आर्ट कॉलेजची पायरी न चढलेल्या माणसालाही विज्ञानकथेचं कॉमिक नीट करता येतं, मराठीतच करता येतं आणि घरच्या लॅपटॉपवर करता येतं. मराठी कॉमिक बहुतेक वेळा चित्रात फसत नाही, फुग्यातल्या, म्हणजे संवाद लिहायच्या गोलातल्या, अक्षरात फसतं. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा अक्षरांना दिली आहे.

1. गोष्ट

पहिली गोष्ट आठ-दहा पानांत संपणारी घ्या. शंभर भागांची महागाथा नंतर. विज्ञानातली एकच गोष्ट धरा आणि तिचे परिणाम शेवटपर्यंत निभवा.

उदाहरणार्थ, पृथ्वीवरून मंगळावर संदेश पोचायला ग्रहांच्या अंतरानुसार साधारण 3 ते 22 मिनिटं लागतात. नागपूरच्या महाल भागातली आई मंगळावरच्या मुलाला विचारते, "जेवलास का?" त्याने लगेच उत्तर दिलं तरी ते तिच्यापर्यंत यायला किमान सहा मिनिटं, आणि ग्रह दूर असतील तेव्हा जवळपास पाऊण तास. तेवढ्या वेळात आई काय करते, हीच तुमची चौकटींची मांडणी. कुकरच्या शिट्ट्या होतात, दारावर कोणी येऊन जातं, आणि उत्तर येतं तेव्हा ती भलत्याच कामात असते. भौतिकशास्त्राने पान स्वतःच आखून दिलं.

तसंच आवाजाचं. पोकळीत आवाज पोचत नाही, म्हणून यानाबाहेरच्या स्फोटावर "धडाम" लिहू नका. ती चौकट मुकी ठेवा, आणि पुढच्या चौकटीत यानाच्या आत भांडी पडल्याचा आवाज मोठ्या अक्षरात काढा. मंगळावर वजन पृथ्वीच्या 38 टक्के भरतं आणि तिथला सूर्यास्त निळसर दिसतो, हे तपशील फुकट मिळतात आणि चित्र बदलून टाकतात. गांधीसागर तलावासमोरच्या रामन विज्ञान केंद्रात तारांगण आहे. वही घेऊन एक दुपार तिथे घालवा.

2. संदर्भ

परदेशी सिनेमातली निऑन दिव्यांची शहरं उतरवू नका, ती वाचकाने हजारदा पाहिली आहेत. गड्डीगोदामला जा. तिथे रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो, असे चार थर एकाच ठिकाणी आहेत. खाली उभं राहून वर बघत रेखाटन केलं की भविष्यातल्या शहराचा पर्स्पेक्टिव्ह कळतो. प्रचंड यंत्रसामग्री काढायची तर कोराडीच्या वीज केंद्राचे कूलिंग टॉवर आणि चिमण्या लांबून काढा. महाकाय यंत्रमानव गल्लीतून चालला तर गर्दी कशी दिसेल, हे बघायला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महाल भागात मारबतीच्या, म्हणजे मोठमोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीत उभे राहा. बडगे म्हणतात त्या पुतळ्यांच्या पायाशी माणसं किती लहान दिसतात, वर माना कशा होतात, गॅलऱ्यांतून कोण डोकावतं, ते काढा. घरी बसून हे सुचत नाही.

3. साधनं

चित्रासाठी क्रिता, अक्षरांसाठी इंकस्केप, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट. स्क्रीन नसलेला साधा पेन टॅबलेट पुरतो. तोही नसेल तर कागदावर काळ्या पेनने काढा आणि फोनने सरळ वरून, सावली न पाडता फोटो घ्या.

4. पानाचं माप

फोनवर खाली सरकवत वाचायची उभी पट्टी ठरवा. 1600 पिक्सेल रुंदीवर काम करा आणि शेवटी 800 वर आणा. वेबटून कॅनव्हास या कॉमिक टाकायच्या साइटवर 800 रुंद आणि 1280 उंच असे तुकडे चालतात. इन्स्टाग्रामवर टाकायचं असेल तर 1080 बाय 1350 ची चौकट सुरुवातीलाच धरून चला. तयार पट्टी नंतर कापायला गेलं की फुगे मधोमध चिरले जातात.

5. अक्षरं

बहुतेक ट्युटोरियल सांगतात की पान रंगवून झालं की शेवटी मजकूर टाका. हा सल्ला इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, "मंगळावरच्यांनासुद्धा" हा एकच शब्द असतो आणि तो तोडता येत नाही. शिवाय वर वेलांटी-रफार आणि खाली उकार, त्यामुळे प्रत्येक ओळ उंचीलाही जास्त जागा मागते. शेवटी टाकलेला फुगा मग हमखास कोणाच्या तरी चेहऱ्यावर येऊन बसतो. मी या टप्प्यावर फार काळ अडकले होते आणि क्रम उलटा केल्यावरच सुटले. कच्चं रेखाटन झालं की लगेच खरा मजकूर, खऱ्या फॉन्टमध्ये, खऱ्या मापात बसवा. त्याभोवती फुगा काढा. उरलेल्या जागेत चित्र. यात तडजोड करू नका.

पहिली परीक्षा सॉफ्टवेअरची. ही ओळ टाइप करून बघा: "दुसऱ्या वाऱ्याची दिशा, शक्ती, स्फोट, कर्ण, उद्ध्वस्त." "दिशा"तली वेलांटी द सोडून पलीकडे गेली, "शक्ती"चा पाय मोडलेला दिसला किंवा "ऱ्या" सुटा झाला, तर त्या सॉफ्टवेअरला देवनागरी जुळवता येत नाही. एकेक अक्षर हाताने सरकवून दुरुस्त करत बसू नका. फोटोशॉपमध्ये टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड रेडी लेआउट निवडलं की हे सुटतं. क्रिताच्या जुन्या आवृत्त्यांत मजकुराचं काम त्रासाचंच आहे. मी सगळी अक्षरं इंकस्केपमध्ये करते. पानाचं रेखाटन मागे ठेवते, मजकूर आणि फुगे वर काढते आणि पारदर्शक पीएनजी करून क्रितात आणते.

फॉन्ट युनिकोडच हवा. डीटीपीवाल्यांकडचे जुने फॉन्ट दिसायला छान असतात, पण तोच मजकूर कॅप्शनमध्ये चिकटवला की त्याचा कचरा होतो. गूगल फॉन्ट्सवर मुक्ता, बलू आणि कलम हे तिन्ही मोफत आहेत आणि विक्रीच्या कामालाही चालतात. माणसांच्या बोलण्याला कलम, कारण त्यात हाताचं वळण आहे. यानातल्या संगणकाच्या बोलण्याला मुक्ता. शीर्षकाला आणि आवाजांना बलू. यापेक्षा जास्त फॉन्ट एका कॉमिकमध्ये नकोत. ल आणि श मराठी वळणाचे येतात का, तेही पाहा. राज्य शासनाच्या 2009 च्या निर्णयात तीच वळणं प्रमाण धरली आहेत. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी निवडली की योग्य ते उमटतं.

माप: 1600 रुंदीच्या पानावर अक्षर 72 पिक्सेलच्या खाली नेऊ नका. लॅपटॉपवर ते अवाढव्य वाटेल. पान फोनवर घ्या आणि भर दुपारी घराबाहेर उभं राहून वाचा. मे महिन्याच्या नागपुरी उन्हात जे वाचता येतं, ते कुठेही वाचता येतं.

ओळींमधलं अंतर अक्षराच्या मापाच्या 1.4 ते 1.5 पट ठेवा. वरच्या ओळीत "कुठून" आणि त्याच्या बरोबर खाली "गर्दी" आलं की ठूचा ऊकार र्दीच्या वेलांटीत आणि रफारात घुसतो आणि दोन्ही शब्द वाचता येत नाहीत. अशा जागी अंतर वाढवण्याआधी ओळ दुसऱ्या शब्दावर तोडून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यात भागतं. दोन अक्षरांमधलं अंतर मात्र कधीच वाढवू नका. देवनागरी अक्षरं शिरोरेषेला दोरीवरच्या कपड्यांसारखी टांगलेली असतात. अंतर वाढवलं की दोरीच तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. जोर द्यायचा तर ठळक करा किंवा मोठं करा. तिरकं करू नका, सॉफ्टवेअरने ओढून तिरकी केलेली देवनागरी मोडल्यासारखी दिसते.

फुगा उभट नको, आडवा घ्या. एका ओळीत दोन-तीन शब्द, एका फुग्यात फार तर चार ओळी. पहिली आणि शेवटची ओळ आखूड, मधल्या लांब. सॉफ्टवेअर मजकूर मधोमध बसवतं तेव्हा खालच्या उकारांची रिकामी जागाही मोजतं, म्हणून उकार नसलेला मजकूर वर चढलेला दिसतो. तो डोळ्याने थोडा खाली आणा. आणि वरच्या कडेला रफार टेकू देऊ नका.

मजकूर बसत नसेल तर अक्षर लहान करू नका, वाक्य बदला. "आपल्या यानाच्या इंधनप्रणालीमध्ये गंभीर स्वरूपाचा बिघाड झालेला आहे" याला पाच ओळी लागतात आणि असं कोणी बोलतही नाही. यानावरचा मेकॅनिक नागपूरचा आहे ना? मग तो म्हणेल, "टाकी गळून राहिली, भाऊ." एक ओळ झाली, माणूसही उभा राहिला. विज्ञानकथेतल्या माणसांना पाठ्यपुस्तकी मराठी बोलायला लावणं हा मला या प्रकारातला सगळ्यात मोठा दोष वाटतो, आणि फुगा लहान ठेवायचा नियम पाळला की तो बराचसा आपोआप जातो.

शेवटची अडचण आवाजांची. "खडाड" अशा मोठ्या अक्षरांना बाहेरून जाड रेघ दिली की प्रत्येक अक्षराच्या जोडावर उभी चीर दिसू लागते, कारण शिरोरेषेचे तुकडे एकमेकांवर चढलेले असतात आणि रेघ प्रत्येक तुकड्याला वेगळी लागते. इंकस्केपमध्ये मजकुराची एक प्रत बाजूला ठेवा, दुसरी प्रत ऑब्जेक्ट टू पाथ करा (अक्षरांचे आकार होतात), गट सोडवा, युनियन करा (सगळे आकार एक होतात) आणि मगच रेघ द्या. हात बसला की हे आवाज फॉन्टशिवाय, स्वतः काढा. शिरोरेषा हीच तुमची सोय आहे: धक्का बसला तर ती मधोमध भंगवा, यान घसरलं तर ती उतरती करा, वीज गेली तर शेवटच्या अक्षराकडे बारीक होत जाऊ द्या.

6. शाई आणि रंग

फुगे बसल्यावर रेघा पक्क्या करा. पूर्ण गोष्टीला चार-पाच रंग ठरवून घ्या आणि तेवढेच वापरा. पृथ्वी आणि मंगळ रंगावरूनच वेगळे कळले पाहिजेत.

7. टाकण्याआधी

अक्षरांचा थर चित्रापासून वेगळा जपून ठेवा. शुद्धलेखनाची चूक नंतर सापडतेच, आणि उद्या हिंदी किंवा इंग्रजी आवृत्ती काढायची तर पान पुन्हा रंगवावं लागत नाही. प्रत्येक भाग घरातल्या अशा माणसाला वाचायला द्या जो कॉमिक वाचत नाही. तो ज्या फुग्यावर थांबतो त्याचा क्रम चुकला आहे. पोस्टबरोबर सगळे संवाद मजकूर म्हणूनही लिहा, म्हणजे शोधणाऱ्याला सापडतात आणि स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही गोष्ट कळते. आठवड्याला एक भाग जमत नसेल तर पंधरा दिवसांनी टाका, पण पुढचे तीन भाग तयार असल्याशिवाय पहिला भाग टाकू नका.