कोल्हापूरच्या पलटणीच्या १८५७ च्या उठावावर टिपण कसे लिहावे

शाळेच्या प्रकल्पासाठी, महाविद्यालयीन निबंधासाठी किंवा गावाच्या स्मरणिकेसाठी कोल्हापूरच्या शिपायांच्या उठावावर लिहायचे असेल, तर पहिले काम विषय लहान करण्याचे आहे. ‘१८५७ आणि कोल्हापूर’ एवढा ऐसपैस मथळा घेतला की निम्मे पान मेरठ आणि दिल्लीत खर्ची पडते आणि कोल्हापूर शेवटच्या परिच्छेदात घाईने येऊन जाते. त्याऐवजी ३१ जुलै १८५७ ची रात्र आणि त्यानंतरचे काही दिवस एवढाच काळ घ्यावा आणि बाकीचे सर्व त्या रात्रीच्या संदर्भात जेवढे लागेल तेवढेच आणावे.

हाताशी असावा असा घटनाक्रम थोडक्यात सांगतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील २७ व्या देशी पायदळ पलटणीचे मुख्य ठाणे कोल्हापुरात होते. तिच्याबरोबरीने उभारलेली २८ वी पलटण धारवाडला आणि २९ वी बेळगावला होती, आणि तिन्हींचा आपसांत पत्रव्यवहार होता. ३१ जुलैच्या रात्री कोल्हापुरातील शिपाई उठले. त्यांनी खजिना लुटला आणि पळालेल्या इंग्रज अधिकाऱ्यांपैकी तिघे मारले गेले. शिपायांचा पुढारी म्हणून रामजी शिरसाट यांचे नाव घेतले जाते. शहराचे दरवाजे मात्र त्यांना उघडे मिळाले नाहीत. काही जण घाटाच्या वाटेने कोकणाकडे वळले, तर काहींनी शहरालगतच्या पागेत, म्हणजे घोड्यांच्या तबेल्यात, मोर्चा धरला. ती पागा साताऱ्याहून आलेल्या दक्षिण मराठा अनियमित घोडदळाने जिंकली, आणि पुढे मुंबई सरकारने पाठवलेल्या जॉर्ज ल ग्रँड जेकब या अधिकाऱ्याने पलटणीची हत्यारे काढून घेतली. डिसेंबर १८५७ मध्ये शहरात दुसरा उठाव झाला. तोही मोडला गेला आणि त्यात हात असल्याच्या संशयावरून छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना कराचीला नेऊन कैदेत ठेवण्यात आले.

जुलै आणि डिसेंबर या दोन घटना टिपणात वेगळ्याच ठेवाव्यात. जुलैत कंपनीच्या पगारावरचे शिपाई उठले होते, तर डिसेंबरात शहरातली माणसे आणि संस्थानची शिबंदी, म्हणजे संस्थानचे स्वतःचे शिपाई, पुढे होते. दोघांत धागा असेल तर तो कागदाने दाखवावा. निव्वळ एकाच वर्षी घडले म्हणून त्यांची एक कथा करणे सोपे असते, आणि स्मरणिकांमध्ये बहुतेक वेळा तेच होते.

पार्श्वभूमीसाठी मात्र तेरा वर्षे मागे जाणे भाग आहे. १८४४ साली कोल्हापूर संस्थानातले गडकरी, म्हणजे वंशपरंपरेने किल्ल्यांची राखण करणारे आणि त्याबद्दल जमिनी भोगणारे शिपाई, कारभारी दाजी कृष्ण पंडित यांच्या नव्या व्यवस्थेविरुद्ध उठले होते. इंग्रजांच्या पाठिंब्याने नेमलेल्या या कारभाऱ्याने गडकऱ्यांच्या जुन्या हक्कांत हात घातल्याची ती तक्रार होती. सामानगड आणि भुदरगडाचे दरवाजे बंद झाले, कर्नल ओव्हन्स हा इंग्रज अधिकारी पन्हाळ्यावर कैदेत पडला आणि अखेर इंग्रज फौजेने तोफा लावून किल्ले घेतले. पन्हाळ्याचा ‘चार दरवाजा’ या नावाचा दरवाजा त्याच मोहिमेत पाडला गेला. मला स्वतःला हा १८४४ चा उठाव १८५७ पेक्षा अधिक विचार करायला लावणारा वाटतो, कारण त्यात बाहेरून आलेली पलटण नव्हती, मातीतलीच माणसे होती. तरीही आपले टिपण १८५७ वर असेल, तर त्याला एका परिच्छेदापेक्षा जास्त जागा देऊ नये.

यानंतरचे काम तारखा तपासण्याचे आहे, आणि तेथे खरा वेळ द्यावा. वहीत चार रकाने आखावेत: घटना, तारीख, ती तारीख कोणी नोंदवली आणि त्याने ती केव्हा नोंदवली. शेवटचा रकाना अनेकजण गाळतात, पण सर्वांत उपयोगी तोच पडतो. पागेवरच्या हल्ल्याचे उदाहरण घ्या. दरवाजा फोडून आत शिरलेल्या लेफ्टनंट विल्यम अलेक्झांडर कर याला या कामगिरीबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले, आणि १८५८ च्या सरकारी घोषणेत कामगिरीची तारीख १० जुलै १८५७ अशी छापली गेली. उठाव जर ३१ जुलैच्या रात्री झाला, तर त्याच उठावकऱ्यांनी धरलेली पागा तीन आठवडे आधी पडणे शक्य नाही. तारीख १० ऑगस्ट धरली की उठाव, साताऱ्याहून घोडदळाची दौड आणि हल्ला हा क्रम नीट बसतो. अधिकृत राजपत्रात छापलेले आहे म्हणून १० जुलै उतरवून घेणारे आजही सापडतात. अशा ठिकाणी दोन्ही तारखा द्याव्यात आणि आपण कोणती ग्राह्य धरली व का, ते एका वाक्यात सांगावे.

याच प्रसंगात आणखी एक गोष्ट झाकू नये. पागेत लढणारेही हिंदी शिपाई होते आणि करच्या मागे घोड्यावरून उतरून दरवाजावर धावलेले घोडेस्वारही हिंदीच होते. पागेत मेलेल्यांची आणि बाहेर लढलेल्यांची नावे सहज मिळत नाहीत, पण इंग्रज लेफ्टनंटाचे मिळते. एवढ्यावरूनच कागद कोणाच्या हातचे आहेत, हे वाचकाला समजते.

सरकारी कागद सरकारच्या बाजूने लिहिलेले असतात, म्हणून ते टाकून द्यायचे नसतात. त्यांत अधिकारी स्वतःच्या गैरसोयीचे जे लिहून जातो, ते अधिक विश्वासार्ह मानावे. जेकबने आपल्या आठवणी १८७१ मध्ये प्रसिद्ध केल्या, आणि कटातल्या माणसांनी पाळलेली गुप्तता व एकमेकांपासून अलग राहून काम करण्याची त्यांची सावधगिरी त्याने त्यांत आश्चर्याने नोंदवली आहे. शिपाई भडकले आणि बेभान झाले, एवढ्यावर भागवणाऱ्या वर्णनांना ही कबुली परस्पर उत्तर देते. उलट त्याने दिलेली शिक्षेची समर्थने वाचताना तो आपल्याच निर्णयाची वकिली करतो आहे, हे लक्षात ठेवावे.

मराठी कागदांसाठी कोल्हापूरचे पुराभिलेखागार गाठावे. तेथे जाण्याआधी मोडी वाचता येणे, किंवा वाचणारा सोबत असणे, आवश्यक आहे. राज्य पुराभिलेख संचालनालय मोडीची परीक्षा घेते आणि तिची तयारी करणारे विद्यार्थी आनंदाने मदत करतात. मोडी पत्रांवर इसवी सन बहुधा नसतो. जुलै १८५७ साठी शके १७७९ शोधावे. शुहूर सन, म्हणजे मराठी दफ्तरांत वापरली जाणारी अरबी अंकनामांची कालगणना, दिला असेल, तर जून ते डिसेंबर या महिन्यांसाठी त्यात ५९९ मिळवावेत. त्या हिशोबाने हे वर्ष १२५८ येते आणि पत्रात ते ‘समान खमसैन मयातैन व अलफ’ असे अक्षरी लिहिलेले दिसेल.

कागद झाल्यावर जागा पाहाव्यात. शहराची तटबंदी गेली, पण गंगावेश आणि रंकाळावेश ही नावे राहिली आहेत. जुन्या नकाशावर त्या वेशी टिंबांनी दाखवल्या की बंद दरवाजांचा शिपायांना किती फटका बसला असेल, ते उमगते. शक्य असल्यास ही फेरी जुलैअखेरच करावी. त्या दिवसांत घाट उतरणे म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगावे लागत नाही, परंतु टिपण वाचणारा विदर्भातला असू शकतो, म्हणून पावसाचा उल्लेख लिहून ठेवावा.

घराण्यांत सांगितल्या जाणाऱ्या आठवणी घ्यायच्या असतील, तर सांगणाऱ्याची परवानगी, त्याचे वय आणि ती आठवण त्याने कोणाकडून ऐकली हे लिहून घ्यावे. टिपणात त्यांना कागदांतल्या मजकुरापासून वेगळ्या परिच्छेदात ठेवावे आणि ‘असे सांगितले जाते’ हे शब्द प्रत्येक वेळी वापरावेत, मग ती आठवण कितीही रोमहर्षक असो.