लघुग्रह-निबंध स्पर्धा: डायनासोरना जरा विश्रांती द्या

पृथ्वीला लघुग्रहांच्या धडकेपासून कसं वाचवायचं, या विषयावरच्या विद्यार्थी-स्पर्धेत मी कॉलेजात असताना उतरलो होतो. पुढे काही वर्षं अशाच निबंधांची पहिली चाळणी करायचं कामही माझ्याकडे आलं. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर नवख्यांना एकच सांगावंसं वाटतं. या विषयात सगळा हिशेब वेळेचा आहे. धडक किती वर्षं आधी कळली, त्यावर पुढचा प्रत्येक उपाय ठरतो, आणि ज्या निबंधात हा वर्षांचा आकडा पहिल्याच पानावर दिसतो तो वाचताना परीक्षक सरसावून बसतो.

चाळणीला येणारे बहुतेक निबंध ६.६ कोटी वर्षांपूर्वी सुरू होतात. डायनासोर मरतात, मग उल्का-अशनी-धूमकेतू यांच्या व्याख्या, मग अणुबॉम्ब, आणि शेवटी मानवजातीला एकजुटीचं आवाहन. त्या वेळचा लघुग्रह दहा किलोमीटरच्या आसपासचा होता. आज पृथ्वीजवळून जाणारे एक किलोमीटरहून मोठे लघुग्रह बहुतांशी सापडलेले आहेत. खरी पंचाईत मधल्या आकाराच्यांची आहे. अमेरिकी काँग्रेसने २००५ साली नासाला १४० मीटर आणि त्याहून मोठ्या अशा लघुग्रहांपैकी ९० टक्के २०२०पर्यंत शोधायला सांगितलं होतं. मुदत कधीच उलटून गेली, आणि त्यातले निम्म्याच्या आसपास अजून सापडायचे आहेत. निबंध इथून सुरू करा.

त्याहून लहान दगडांवरही उत्तम निबंध होतो. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियात चेल्याबिन्स्कच्या आकाशात फुटलेला दगड जेमतेम २० मीटरचा होता. सूर्याच्या बाजूकडून आल्यामुळे तो आधी कोणालाच दिसला नाही. सुमारे दीड हजार माणसं जखमी झाली, त्यातली बरीचशी फुटलेल्या काचांनी. आधी लख्ख उजेड पडला, तो पाहायला लोक खिडकीशी गेले, आणि धक्कालहर नंतर पोचली. उजेड दिसताच खिडकीपासून लांब व्हायचं, एवढी एक सूचना लोकांपर्यंत कशी पोचवायची यावर पूर्ण निबंध लिहिता येतो. त्याला यानही लागत नाही आणि गणितही.

पण गणिताला घाबरू नका, इथे शाळेतला गुणाकार पुरतो. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते आणि तिचा व्यास १२,७४२ किलोमीटर आहे. म्हणजे स्वतःच्या रुंदीएवढं अंतर ती सातेक मिनिटांत पार करते. लघुग्रहाला ठरल्या जागी पोचायला काही मिनिटांचा उशीर झाला, की ढोबळमानाने काम झालं. आता त्याचा वेग सेकंदाला फक्त एक सेंटिमीटरने बदलला असं धरा. दहा वर्षांत सरळ गुणाकाराने ३,१५० किलोमीटरचा फरक पडतो. धक्का कक्षेच्या दिशेने दिला, तर फेरीचा काळही बदलतो आणि फरक साधारण तिप्पट होतो, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येहून जास्त. हातात एकच वर्ष असेल, तर तेवढ्याच परिणामासाठी दहापट धक्का लागेल. हा परिच्छेद स्वतःच्या आकड्यांनी लिहिलात, तर उरलेल्या निबंधाला पाया मिळतो. माझ्या मते कुठल्याही सुंदर प्रस्तावनेपेक्षा त्याला जास्त गुण मिळायला हवेत.

मग पडताळा घ्यायला नासाची डार्ट मोहीम आहेच, लघुग्रहावर यान आदळवून त्याची वाट बदलते का हे पाहणारी. सुमारे ५८० किलोंचं हे यान २६ सप्टेंबर २०२२ रोजी सेकंदाला सहा किलोमीटरहून अधिक वेगाने डायमॉर्फस या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहावर आदळलं. हा डिडिमॉस नावाच्या मोठ्या लघुग्रहाचा चंद्र. त्याची फेरी ११ तास ५५ मिनिटांची होती, ती सुमारे ३३ मिनिटांनी कमी झाली. किमान ७३ सेकंदांचा फरक पडला तरी मोहीम यशस्वी मानायची, असं आधी ठरलं होतं. इतकी तफावत का, तर आदळल्यावर उलट्या दिशेने उडालेल्या मलब्याने आणखी रेटा दिला. नुसत्या यानाने जेवढं ढकललं असतं, त्याच्या साडेतीनपटीहून जास्त परिणाम मिळाला. निबंधाचा प्रश्न इथे आयता तयार होतो. लघुग्रह सैल दगडगोट्यांचा नसून एकसंध लोखंडी असेल, तर असा मलबा उडेल का?

कल्पना अगदी नवी असावी लागते, हा गैरसमज. स्पेस जनरेशन ॲडव्हायजरी कौन्सिल या अवकाश क्षेत्रातल्या तरुणांच्या संस्थेच्या ‘मूव्ह ॲन ॲस्टरॉइड’ स्पर्धेत २०१२ साली अमेरिकेतल्या एमआयटीचा विद्यार्थी सुंग वूक पेक जिंकला. लघुग्रहावर पांढरा रंग भरलेल्या गोळ्या मारायच्या, म्हणजे पृष्ठभाग उजळ होऊन सूर्यप्रकाशाचा दाब वाढेल आणि वर्षानुवर्षं थोडा थोडा रेटा बसत राहील, अशी त्याची मांडणी. अपोफिस या लघुग्रहाचं उदाहरण घेऊन त्याने पाच टन रंग आणि सुमारे वीस वर्षं असा हिशेब दिला होता. मुळात ही कल्पना आदल्या वर्षीच्या विजेत्याच्या घन गोळ्यांच्या कल्पनेवर उभी होती. जुनी कल्पना घ्या, तिच्यातली एक गोष्ट बदला, आणि बदलाने काय फरक पडतो ते आकड्यांत दाखवा.

आकड्यांपुढे तारीख मात्र हवीच. २०२४ वायआर४ या लघुग्रहाची २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता १८ फेब्रुवारी २०२५ला ३.१ टक्क्यांपर्यंत चढली होती. नवी निरीक्षणं येताच काही दिवसांत ती जवळपास शून्यावर आली. निबंधात नुसतं ‘३.१ टक्के धोका’ असं लिहिणाऱ्याचा कागद मी बाजूला ठेवतो. शक्यता आधी चढून मग का कोसळते, हे ज्याने समजावलं, त्याचा वर.

विज्ञान शाखेबाहेरच्यांनी कायद्याकडे वळावं, तिथे गर्दी फार कमी असते. १९६३च्या आंशिक अणुचाचणीबंदी कराराने अवकाशातले अणुस्फोट निषिद्ध केले आहेत. लघुग्रहासाठी अपवाद करायचा तर परवानगी कोणाची घ्यायची? ढकलताना धडकेची जागा एका देशावरून दुसऱ्यावर सरकली आणि मोहीम अर्धवट राहिली, तर भरपाई कोण देणार? अशा प्रसंगी देशांच्या अवकाशसंस्थांनी सल्लामसलत करावी म्हणून ‘स्पेस मिशन प्लॅनिंग ॲडव्हायजरी ग्रुप’ (एसएमपीएजी) हा गट संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशीवरून स्थापन झाला आहे, पण त्याचं काम सल्ल्यापुरतं आहे. या तीन वाक्यांत निदान दोन निबंध दडलेले आहेत.

शब्दमर्यादा ओलांडली, तर आधी आवाहनाचा परिच्छेद उडवा, मग व्याख्या. हिशेबाला हात लावू नका. मसुदा भौतिकशास्त्र न शिकलेल्या एखाद्याला वाचायला द्या. तो जिथे अडेल तिथे बहुधा तुमची एक पायरी गाळलेली असते. आणि निकाल काहीही लागो, परीक्षकांचे शेरे लेखी मागून घ्या. बरेच आयोजक मागितल्याशिवाय ते देत नाहीत, आणि पुढच्या वर्षीच्या मसुद्याला त्यांचा उपयोग होतो.