सोयाबीनमध्ये अंतर आणि स्फुरदाचा (फॉस्फरसचा) प्रयोग घेणाऱ्या ज्युनियर्ससाठी

एमएस्सी ॲग्रोनॉमीला हा विषय मिळाला की बरेच जण खूश होतात, पीक शंभर दिवसांत हातात येतं म्हणून. स्प्लिट प्लॉट, रेप्लिकेशन ही प्रयोगाची मांडणी तुम्हाला येतेच, त्यावर लिहीत नाही.

मला सगळ्यात जास्त दमवलं ते अंतरानं. दोन ओळींत 30, 45 आणि 60 सेंटिमीटर ठरतं आणि दोन झाडांत सगळीकडे 5. दिसायला सरळ. आता हेक्टरी झाडं मोजा. 30 × 5 ला 6.67 लाख, 45 × 5 ला 4.44 लाख, 60 × 5 ला 3.33 लाख. म्हणजे ओळी लांब नेता नेता झाडं निम्म्यावर आणलीत. मग उत्पादनातला फरक रुंद ओळीचा की कमी झालेल्या दाटीचा? व्हायवात नेमकं हेच विचारतात, आणि तोवर शेत नांगरून झालेलं असतं. फक्त ओळीचा परिणाम बघायचा असेल तर 30 × 7.5, 45 × 5 आणि 60 × 3.75 घ्या, तिन्हीकडे 4.44 लाखच. टोकण थोडी दाट करा आणि उगवल्यावर पट्टी धरून विरळणी करा. कंबर दुखते, पण जमतं. झाडांची संख्याही बदलायचीच असेल तर ती वेगळा घटक म्हणून मांडा.

स्फुरदाचंही तेच. हेक्टरी 60 किलोसाठी 375 किलो सिंगल सुपर फॉस्फेट लागतं आणि त्यातून 40 किलोच्या आसपास गंधक जातं. शून्य स्फुरदाच्या प्लॉटला मग गंधकही शून्य, आणि सोयाबीन पडलं तेलबियांचं पीक, गंधक त्याला लागतंच! तिथे जिप्सम टाकून गंधक सारखं करा. सुपर फॉस्फेटऐवजी डीएपी (नत्र आणि स्फुरद दोन्ही असलेलं खत) घेतलंत तर 90 किलो स्फुरदाबरोबर 35 किलो नत्र जातं, शिफारस 30 ची असताना.

मागच्या बॅचचा थीसिस उघडून लेआउट जसाच्या तसा उतरवू नका. त्यातली चूकही तुमच्या नावावर येते. गाईड मीटिंगमध्ये अडकलेले असतील तर प्लॉटवर रोज येणाऱ्या कृषी सहाय्यकाला विचारा. माझ्या मते निम्मं शिक्षण तिथेच होतं.

प्लॉटची रुंदी 3.6 मीटर ठेवा, तिन्ही अंतरं पूर्ण बसतात. लांबी 5 मीटर असेल तर 60 किलोच्या मात्रेला 675 ग्रॅम सुपर फॉस्फेट लागतं. 12 ओळी असतील तर ओळीला 56 ग्रॅम, 6 असतील तर 112. ओळीगणिक पुड्या आदल्या रात्रीच बांधा. चुनखडीच्या काळ्या जमिनीत स्फुरद जागचं फारसं हलत नाही, म्हणून बियाच्या थोडं खाली आणि बाजूला पडलं पाहिजे. वरून फोकलेलं वाया जातं.

इंटरॅक्शन (अंतर आणि स्फुरदाचा एकमेकांवरचा परिणाम) नॉन-सिग्निफिकंट, म्हणजे दखल घेण्याजोगं नाही असं आलं तर घाबरू नका, तोही निकालच आहे. मुळांवरच्या नत्र बांधणाऱ्या गाठी मोजायला मात्र झाड उपटू नका, निम्म्या मातीत राहतात. फुलोऱ्याच्या सुमारास नेट प्लॉटबाहेरच्या (उत्पादन मोजायच्या भागाबाहेरच्या) ओळीतून मातीच्या ढेकळासकट खणा, बादलीत भिजवून धुवा आणि गाठ कापून आत गुलाबी आहे का बघा, गुलाबी म्हणजे गाठ काम करतेय.